काकांसमोर घोडं म्हणायचं नाही

रत्नागिरीत आम्ही बिऱ्हाड केलं त्या पहिल्याच संध्याकाळी मी आमच्या घरमालकांना उठवून लावलं, तेही त्यांच्याच पडवीतून. आमची मोटार कोल्हापुराहून भल्या पहाटे निघाली होती. आंबा घाटात ती दोनदा बसली, साखरप्याला ड्रायव्हर चहा प्यायला म्हणून उतरला तो झोप काढूनच परतला, आणि पालीच्या पुढं माझ्या पाट्यानं एका सहप्रवाशाचा अंगठा ठेचला. शेवटी एकदाच्या ट्रंका, वळकट्या आणि तो अपराधी पाटा पडवीत येऊन पडला. तेव्हा मी पदरानं तोंडावरची तांबडी धूळ पुसत मोठ्यानं म्हणाले, "चला, एकदाचं गंगेत घोडं न्हालं!"

तोवर घरमालक मोठ्या आनंदात होते. आमच्या वळकट्या स्वतः उचलून आत नेत होते, ह्यांना "सायेब, वाईच टेका" म्हणून बाक झटकून देत होते. माझं वाक्य कानांवर पडलं मात्र, त्यांनी हातातली वळकटी होती तिथंच ठेवली, पायऱ्या उतरले, खळं म्हणजे पुढचं अंगण ओलांडलं आणि फाटकाबाहेर चालते झाले. दिवेलागण झाली तरी पत्ता नाही.

मालकीणबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. "काय बोललीस गो बाय त्यांना?"

"काही नाही हो, आपलं गंगेत घो..."

त्यांनी माझ्या तोंडावर हातच ठेवला. "हितं ऱ्हायचा आसंल तर येवढा एक शब्द सोडून काय पन बोल. गाढव म्हन, बैल म्हन, मना म्हैस म्हन. पन त्या जनावराचा नाव ह्या घरात काडू नको."

मी साताऱ्याकडची. आमच्या माहेरी म्हणीशिवाय वाक्य पुरं व्हायचं नाही. माझी आई तर रागवायची तीही म्हणीतून. त्यात माझी जीभ पहिल्यापासून सैल. रत्नागिरीला येईपर्यंत मला कल्पनाच नव्हती की मराठी बोलायला घोडी किती लागतात. घोडामैदान जवळ असतं, वरातीमागून घोडं येतं, प्रत्येकजण आपलंच घोडं पुढं दामटतो. ह्यांची नोकरी कचेरीतली, म्हणजे दिवसभर कागदी घोडे नाचवायची; त्यांची फारच पंचाईत झाली. मग आम्ही दोघांनी एक सोय काढली. घोड्याच्या जागी दुसरं जनावर बांधायचं. एकदा हे कचेरीतून आले ते कपाळाला हात लावून म्हणाले, "आज माझ्या हातून मोठी बैलचूक झाली." मी हसून हसून लोळले. पुढं आम्ही किती गावं फिरलो, पण आमच्या घरात अजून बैलचूकच होते, घोडचूक होत नाही.

गाव त्यांना हवालदार म्हणे. खरोखरच हवालदार होते की साधे शिपाई, हे मी कधी विचारलं नाही. आम्ही त्यांना काका म्हणायला लागलो आणि मालकीणबाई काकी झाल्या. मूलबाळ नव्हतं. जर्मनच्या लढाईत काका बसऱ्याकडे गेले होते, तिथं कैदेतही होते, आणि सगळ्यांनी आशा सोडल्यावर परत आले होते. मूळ गाव लांज्याकडचं. तिकडची शेती भावांवर सोपवून त्यांनी रत्नागिरीत हे चिऱ्यांचं छोटंसं घर बांधलं आणि दोन खोल्या भाड्यानं दिल्या. भावाभावांत तंटा नाही, वाटणीची भांडणं नाहीत, मग चांगलं गाव सोडून हा माणूस इथं का येऊन राहिला, हे कुणालाच उलगडत नव्हतं.

उंच, किडकिडीत, गालफडं बसलेली. अंगात खाकी सदरा, खाली धोतर, पाय अनवाणी. लढाईतले बूट पडवीतल्या कोनाड्यात ठेवलेले असत. दर रविवारी ते बुटांना पॉलिश करायचे, उन्हात धरून बघायचे आणि परत कोनाड्यात ठेवायचे. मी एकदा म्हटलं, "काका, घाला की एखाद्या दिवशी. पाय पोळतात ना?" तर म्हणाले, "त्ये लय चाल्ले हायत बाय. त्येंना आता बसू दे." दिवाळीत फटाके वाजायला लागले की ते सकाळीच भाकरी बांधून भाट्याला समुद्राच्या वाळूत जाऊन बसायचे, लाटांच्या आवाजात बाकीचं काही ऐकू येत नाही म्हणायचे. ही सवय त्यांची शेवटपर्यंत गेली नाही.

पण खरी गंमत वेगळीच होती. ज्या माणसाला घोडं हा शब्द सोसत नव्हता, तो रोज दुपारी टांगा अड्ड्यावर जाऊन घोड्यांची उस्तवारी करायचा! ऊन फिरलं की टांगे सावलीत लावायला लावायचे. कुणाच्या घोड्याला साजाखाली जखम दिसली की त्या टांगेवाल्याची सात पिढ्यांसकट हजेरी घ्यायचे आणि मग स्वतःच हळद-तेल लावत बसायचे. येताना सड्यावरचं, म्हणजे वरच्या कातळमाळावरचं, गवत कापून आणायचे. मात्र ते गवत त्यांनी घोड्याच्या तोंडापुढं कधी धरलं नाही. हातभर लांब जमिनीवर ठेवायचे आणि मागं सरून पाठ फिरवायचे. टांगेवाले हसायचे. हसन नावाचा एक म्हातारा टांगेवाला होता, तो मला म्हणाला होता, "हवालदार माज्या घोडीची सून सासऱ्याची ठेवते तशी अदब ठेवतोय. समोर उबा ऱ्हात नाय, नजर देत नाय."

आणि दुसरी गोष्ट म्हणजे काकांना जेवताना कुणी पाहिलं नव्हतं. लग्नाकार्यात ते सगळ्यांच्या पुढं असत, भाताची परात घेऊन पंगतीत धावत, आग्रह करकरून वाढत. पण स्वतः पाटावर बसायची वेळ आली की गडप. घरी काकी पडवीच्या टोकाला पान मांडून आत यायच्या. मग काका जायचे, भिंतीकडं तोंड करून बसायचे, डोक्यावरून पंचा ओढून घ्यायचे आणि जेवायचे. पान उचलायला काकी गेल्या की पानात शीत म्हणून राहिलेलं नसे. शेजारच्या बायका काय काय बोलायच्या. कुणी म्हणे करणी आहे, कुणी म्हणे बसऱ्याला बाटून आलाय. काकी ऐकून घ्यायच्या. एकदा कुळथाची पिठी ढवळता ढवळता त्या मला म्हणाल्या, "बाय, माझ्या हातचा त्यांना कसा लागता ता मना ठाव नाय बग. लढाईवरनं आले तवापासना समोर बसून येक घास खाल्ला नाय त्यांनी. आळनी झालाय काय, खारट झालाय काय, बाईमानसाला कळायचा तरी कसा?" मी नवी नवरी. आमचे हे आमटीला नाव ठेवायचे तेव्हा मी रुसून बसायची. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की नाव ठेवायला का होईना, समोर बसून जेवतात, हे माझं नशीबच.

आता त्या भांडणाचं सांगते. माझं आणि काकांचं सूत तसं बरं होतं, पण अन्नावरून सारखे खटके उडत. भाकरीचा तुकडा टाकला, की बोलणं. तांदूळ निवडताना दाणा उडाला, की बोलणं. आम्ही ज्वारीची माणसं, आम्हाला भाताचे एवढे सोहळे ठाऊक नाहीत. एके दिवशी आमचा आदल्या दिवसाचा भात आंबला, तो मी परसात खतावर टाकला. काकांनी पाहिलं. ते असे काही ओरडले की माडावरचे कावळे उडाले. "माज आलाय काय? भात टाकतांस? टाकशील कसा!" आणि खाली बसून तो घाण भात हातानं गोळा करायला लागले.

माझं डोकं सटकलं. मी कमरेवर हात ठेवून म्हटलं, "आल्या दिवसापासून बघतेय. उठता बसता माझ्यावर डाफरता! मी तुमचं काय घोडं मारलंय हो?"

बोलून गेले आणि जीभ चावली. वाटलं, आता हे उठून जाणार आणि संध्याकाळी बिऱ्हाड सोडायला सांगणार. पण काका उठले नाहीत. हातातला भात हातातच राहिला. माझ्याकडं बघत ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "तुमी कशाला माराल बाय? मी मारलंय."

मग तिथंच, परसातल्या दगडावर बसून, त्यांनी सांगितलं. मी उभी होते ती खाली बसले.

तिकडे नदीकाठच्या एका गावात त्यांची पलटण कोंडली गेली. बाहेर सगळीकडून वेढा. बाहेरून मदत येईना आणि आतला दाणा संपत चालला. "सायबाची येक घोडी व्हती. मोतदार आजारानं मेला, तवापासना ती माझ्या हाताखाली. राणी नाव. तांबूस रंग, कपाळावर चांद. हाक मारली की मान वर करायची. दान्याला म्हाग झालो, तवा हुकूम निगाला, घोडी कापायची नि खायची. गोरे खायला लागले. आमी मराठ्यांनी तोंडाला लावला नाय. पेंढ्यासारके वाळलो, पन नाय लावला. येक दिस राणीची पाळी आली. ती दुसऱ्याच्या हाताला उबी ऱ्हायना. म्हनून सायबान मनाच बोलवलान. धर म्हनाला."

"मग?"

"खिशात मूठभर हरभरा व्हता. माझ्या पोटासाठी लपवलेला. तो तिच्याम्होरं धरला. तिनी मान खाली केलान नि खायला लागली, माझ्या हातावर. खाताना बंदूक वाजली." त्यांनी उजवा तळहात उघडून पाहिला, त्यात आमचा आंबलेला भात होता. "हात वला झालता तिच्या तोंडानं. तो तसाच व्हता सांजवेरी."

एवढ्यावर काकांचं संपलं नव्हतं.

"थोडे दिस कळ काडली. मग भूक आवरंना. खाल्ला मी पन. कुनाचा व्हता, तिचाच व्हता का दुसरीचा, ता काय ठाव नाय. डोळं मिटून खाल्ला. आनि बाय... गोड लागला गो. अजून याद येते ती चव. चांगला भात खाताना पन येते. तवा तोंड कसा दिसत आसंल माझा? ता कुनी बगू नये."

मी म्हटलं, "काका, सगळ्यांनीच खाल्लं ना? आणि आल्यावर प्रायश्चित्त घेतलं असेल तुम्ही."

"घेतला. भटजीनी पंचगव्य पाजलान, होम केलान. देवाची समजूत घातलान त्येनी. पन घोडीची समजूत कोन घालनार?"

आणि मग त्यांनी तो भात गाईला नेऊन घातला. गाव का सोडलं तेही मला त्या दिवशी उमगलं. गावात भावकी, पंगतीला बसायचं टाळून टाळून किती टाळणार.

मी मागं वळले तर न्हाणीच्या दाराआड काकी उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. इतकी वर्षं त्यांना ह्यातला एक शब्द ठाऊक नव्हता. मला वाटलं, आता ह्या रडणार. तर त्यांनी मला दंडाला धरून आत नेलं आणि विचारलं, "काय म्हनाले? राणी म्हंजे घोडी?"

"हो काकी. साहेबाची घोडी."

काकी चुलीपुढं मटकन बसल्या. "आगो, झोपंत बोलतात ते. राणी, राणी, उबी ऱ्हा. मना वाटला तितं दुसरी बायको केलानी नि टाकून आले. म्हनून माझ्या हातचा रुचत नाय. इतकी वर्सा मी येका घोडीवर जळलंय बाय!" आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता पदर तोंडात कोंबून जे रडल्या, त्यांना मी आवरू शकले नाही. मीही रडले. चुलीवरची पिठी करपली आणि तिचा वास काकांना आला, तेव्हा बाहेरून ओरडणं सुरू झालं.

मी त्या दिवशी ते वाक्य बोलले याचं मला कधी वाईट वाटलं नाही. कुणीतरी बोलायलाच हवं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात दोन गोष्टी एकदम झाल्या. गावात मोटारी वाढल्या होत्या, टांग्यांना गिऱ्हाईक मिळेना. हसननं टांगा मोडायचं ठरवलं. त्याची घोडी म्हातारी, एका पायानं अधू. तिला कोण विकत घेणार? सड्यावर नेऊन सोडायची, चरेल तोवर चरेल, असं त्याच्या मुलांनी ठरवलं. हसन स्वतः काकांकडे आला आणि घोडीची दोरी फाटकाला बांधून निघून गेला. काका पडवीतून बघत राहिले. त्यांची खाली यायची छाती होईना. शेवटी काकीच उठल्या, घोडीपुढं पाण्याची बादली ठेवली आणि म्हणाल्या, "ये बाय. येकीबरोबर संसार केलाच हाय, आता तूं दुसरी." तेव्हापासून काकी तिला सवत म्हणूनच हाक मारायच्या.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे राजापूरला गंगा आली. आमच्या घाटावरच्या माणसांना हे सांगूनही पटत नाही. राजापूरजवळ डोंगरावर कुंडं आहेत, ती वर्षानुवर्षं कोरडी असतात. मनात येईल तेव्हा त्यांत एकाएकी पाणी येतं, तीच गंगा. बातमी फुटली की सगळा मुलूख न्हायला धावतो. काकींनी जायचा हट्ट धरला, मीही तयार झाले. संध्याकाळी पडवीत बेत चालला होता. हे कचेरीतून दमून आलेले, त्यांच्या ध्यानात काही राहिलं नाही; हसत हसत म्हणाले, "वा! मग काका, तुमच्या ह्या घोड्यालाही न्या की. न्हाऊ दे एकदाचं गंगेत!"

आम्ही दोघी दगड होऊन बसलो. काका मात्र उठले नाहीत. ह्यांच्याकडं एकटक बघून त्यांनी विचारलं, "सायेब, तुमी घाटावरचे लोक सारका म्हनता, गंगेत घोडा न्हाला. त्यो कुनी न्हाणला व्हता?"

हे गडबडले. "म्हण आहे हो ती नुसती. काम पार पडलं की म्हणतात."

"म्हन काय वाऱ्यावरनं येते? कुनीतरी न्हाणला आसंल, तवाच काम पार पडला आसंल." आणि ते घोडीकडं बघत राहिले. ह्यांनी कपाळाला हात लावला. आता समजूत घालायला गेलं तरी पंचाईत, न घालावी तरी पंचाईत.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका घोडीला घेऊन चालत निघाले. बूट कोनाड्यातून काढून पायांत घातले होते. "तिच्यासंगती चालायचा हाय," म्हणाले. अधू घोडी, तो रस्ता, वैशाखाचं ऊन. लांज्याला त्यांच्या गावी मुक्काम पडला, तेव्हा भावकीनं चेष्टा केली असणारच. आम्ही काकींना घेऊन नंतर मोटारीनं गेलो. डोंगराच्या पायथ्याशी काका आमची वाट बघत उभे होते, आणि त्यांच्या आडोशाला, मान खाली घालून, ती घोडी. दोघांच्याही पायांवर गुडघ्यापर्यंत तांबडी माती.

वर कुंडांवर गर्दी होती. काकांनी तिथल्या एका पुजाऱ्याला हात जोडून विचारलं. तो भला माणूस होता, हसला नाही. "हवालदार, कुंडात माणसं न्हातायत, जनावर कसं घालू? पण पाणी काय कुंडातच राहतं? तो बघा खाली ओहोळ गेलाय. तीही गंगाच." आम्ही उतरून त्या ओहोळाशी आलो. लोकांना ते कळायला किती वेळ लागतो! काठावर माणसं जमली, पोरंटोरं टाळ्या पिटायला लागली. "अरे या रे, खरंच गंगेत घोडं न्हातंय!" मी काकांकडं बघत होते. त्यांच्या कानांवर ते पडलं का, कोण जाणे. त्यांचा हात नुसता घोडीच्या मानेवर होता.

ते तिला पाण्यात घेऊन गेले, पण पुढं काही त्यांच्यानं होईना. तेव्हा काकींनी साडीचा काचा मारला, तांब्या घेतला आणि सरळ पाण्यात शिरल्या. घोडीच्या पाठीवर पाणी ओतत, तळहातानं माती चोळून काढत त्या म्हणाल्या, "कुनी काय पन म्हनू दे. माझी सवत हाय, मी न्हाऊ घालतंय." काठावरच्या बायका हसल्या. मग त्यांच्यातलीच एक म्हातारी आपला तांब्या घेऊन खाली आली आणि घोडीच्या पायांवर पाणी घालू लागली. तिला काय वाटलं कोण जाणे. काका घोडीच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी सांगत होते. बराच वेळ सांगत होते. मी ऐकायला गेले नाही, पण काय सांगत असतील ते मला कळत होतं.

न्हाणं झालं. काकांनी खिशातून पुरचुंडी काढली. भिजवलेला हरभरा. तो उजव्या तळहातावर घेतला आणि हात घोडीच्या तोंडापुढं धरला. बसऱ्याहून आल्यापासून त्यांनी कुठल्याही घोड्यापुढं हात धरला नव्हता. काकींनी माझा हात घट्ट धरला.

घोडीनं हुंगलं आणि मान फिरवली.

काकांनी पुन्हा धरला. तिनं पुन्हा मान फिरवली. ती दमली होती हो, दुसरं काय! एवढं चालून आलेली, गार पाण्यात उभी केलेली. मी म्हटलं, हे म्हणाले, काकी म्हणाल्या. काका ऐकून घेत होते. मग त्यांनी हरभरा खाली दगडावर ओतला, नेहमीसारखे चार पावलं मागं सरले आणि पाठ फिरवून म्हणाले, "नाय. तिनी नाय म्हटलान." आमच्याकडं म्हणतात, घोडं कुठं पेंड खातंय बघा, म्हणजे काम कुठं अडलंय ते बघा. आमचं घोडं खात नव्हतं, म्हणून अडलं होतं. त्या दुपारी झाडाखाली काकींनी दशम्या सोडल्या, तेव्हा काका आपली दशमी घेऊन एका खडकाआड गेले. काकींनी त्यांच्या मागं बघितलं आणि स्वतःची दशमी परत बांधून ठेवली.

घरी आल्यावर सगळं पुन्हा पहिल्यासारखं सुरू झालं. पावसाळा आला, परसात घोडीला माडाच्या झापांचा मांडव झाला. काका तिचं सगळं करायचे, पण दाणा ठेवायचे तो टोपलीतच. पुन्हा हात पुढं करून बघा, असं सांगायची माझी जीभसुद्धा वळली नाही, आणि काकींनी तर तो विषयच सोडला. मग गणपती झाले आणि ह्यांच्या बदलीचा हुकूम आला. काकी म्हणाल्या, "जायच्या दिशी आमच्याकडं जेवून जायचा." सकाळपासून त्या चुलीपुढं होत्या. वडे, काळ्या वाटाण्याची आमटी, खीर, तांदूळ तर घरात होता त्यातला सगळ्यात जुना काढलेला.

बाहेर खळ्यात आमचं सामान बैलगाडीत चढत होतं. मोटारीच्या थांब्यापर्यंत गाडी केली होती. काका गाडीवानावर उखडले होते. टोपलीत टाकायला घेतलेला हरभरा तसाच मुठीत, ती मूठ पाठीमागं, आणि दुसऱ्या हातानं हातवारे. "आरे, त्यो पाटा वर कशाला घातलास? खालती घाल! मागच्या बारीला त्या पाट्यानं..." मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघून हसत होते. घोडी मोकळीच होती. ती हळूहळू लंगडत काकांच्या मागं आली. तिनं मान लांब केली, पाठीमागची ती मूठ हुंगली, नाकानं दोनदा ढोसली. काका बोलायचे थांबले. मूठ उघडली. घोडी खायला लागली.

काका वळले नाहीत. तोंड गाडीवानाकडं, हात मागं, तळहात उघडा, आणि ती चाटूनपुसून खात होती. गाडीवान बिचारा पाटा हातात धरून उभा होता, आता हा कुठं ठेवायचा म्हणून. मी काकींना ओढत खिडकीशी आणलं. दाणे संपले तरी घोडी हात चाटतच होती आणि काका तसेच उभे होते.

मग ते पडवीत आले. पाय धुतले. हात मात्र लगेच धुतला नाही, थोडा वेळ बघत राहिले आणि मग धुतला. आत दोनच पानं मांडली होती, ह्यांचं आणि माझं. काका ह्यांच्या शेजारी मोकळ्या जागेवर येऊन मांडी घालून बसले. पाट नाही, पान नाही. नुसते बसले आणि म्हणाले, "मना पन वाडा."

काकी चुलीपुढून उठेनात. मला म्हणाल्या, "तूं वाड गो."

"मी नाही," मी म्हटलं. "आज तुम्हीच."

काकींनी पान मांडलं. भात वाढला, आमटी वाढली, वडा वाढताना तो पानाबाहेर पडला. काकांनी तो उचलून पानात घेतला. भात कालवला, घास घेतला आणि आमच्यासमोर चावला. डोळ्यांतून पाणी गालफडावरून मिशीत उतरत होतं, पण तोंड त्यांनी लपवलं नाही. काकी समोर बसून बघत होत्या. थोड्या वेळानं काका त्यांना म्हणाले, "आमटीत मीठ वाईच कमी हाय." काकी एवढ्या लाजल्या, जशी काही नवी नवरीच.

मग काका माझ्याकडं वळले. "बाय, म्हना आता तुमची ती म्हन. पयल्या दिशी म्हनला व्हतात ती."

आणि मी, जिच्या तोंडाला म्हणून कधी कुलूप नव्हतं, माझ्या तोंडून शब्द फुटेना. मी नुसतीच मान हलवत राहिले.

तेव्हा काकीच म्हणाल्या, "न्हाला, न्हाला. गंगेत घोडा न्हाला येकदाचा. जेवा आता गुमान. भात निवतोय."